बॉनेटवरचा डबा

निपाणीहून सकाळी बेळगावला सुटणाऱ्या पहिल्या गाडीत माणसांच्या आधी डबे चढायचे. कुणाचा मुलगा बेळगावात कॉलेजला, कुणाचा भाऊ दवाखान्यात पडलेला, कुणाची लेक बाळंतपणानंतर तिकडेच राहिलेली. घरची माणसं उजाडता उजाडता स्टँडवर येऊन उभी राहायची आणि गाडी लागली की ड्रायव्हरच्या दारातून डबा वर द्यायची. नागोजी ड्रायव्हर पिशवीवरचं नाव वाचायचा आणि डबा आपल्या शेजारच्या बॉनेटवर, पोतं अंथरून ठेवलेलं असायचं त्यावर, मांडायचा. खाली इंजिन तापलेलं. संकेश्वर, हत्तरगी, काकती करत गाडी बेळगावात पोचेपर्यंत आतली भाकरी मऊ आणि आमटी कोमट राहायची. परतीच्या फेरीला रिकामे डबे त्याच पोत्यावर बसून खुळखुळत निपाणीला यायचे.

"घरचं अन्न गरम पोचलं पायजे," नागोजी म्हणायचा, "न्हायतर एवढी मोठी गाडी हाकून उपेग काय?"

डबा देणाऱ्यांत मालन सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी हलायची. तिची वैजयंता, म्हणजे वैजू, बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि होस्टेलवर राहत होती. होस्टेलला मेस होती. मेसमध्ये दोन वेळचं जेवण मिळत होतं. पण मालनच्या लेखी मेसमधलं जेवण हे जेवण नव्हतं, ती एक सोय होती.

"झाकण घट्ट बसलंय ना, नागोजी?"

"बसलंय, आक्का."

"आणि सरकून पडायचा नाही ना? काकतीच्या वळणावर गाडी झुकते."

"आक्का, गाडी पडंल, पन तुमचा डबा पडनार न्हाय. जावा आता घरला."

हे असलं बोलणं ऐकून मालनचा जीव आणखीच वर-खाली व्हायचा. गाडी पडंल म्हणजे काय? त्या गाडीनं शनिवारी वैजू येणार असते.

काळजी करणं हा मालनचा स्वभावच होता. तिचे यजमान मारुतीराव हायस्कुलात भूगोल शिकवायचे. ते म्हणत, "आमच्या घरात पाऊस पडायच्या आधी छत्र्या वाळत घालतात." मालन बेळगावजवळच्या कडोलीची. बापाची शेती, घरात शिकलेलं कुणी नाही. पण पोरगी हिशेबाला तल्लख म्हणून बापानं तिला बेळगावात आत्याकडे ठेवून बी.एस्सी. केलं. आत्या प्रेमळ होती, पण स्वयंपाकात हात आखडता. तेव्हा मालनची आई कडोलीहून दूध घालायला येणाऱ्या सायकलवाल्याच्या कॅनला भाकरीचं फडकं बांधून पाठवायची. भाकरीला कॅनचा गारवा लागून ती दुपारपर्यंत कडक व्हायची. मालन ती पाण्यात बुडवून खायची आणि तिला वाटायचं, आई जवळच कुठेतरी बसलीय. ती गोष्ट तिनं वैजूला कधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर वैजू हसली असती. "म्हणजे तुझ्या आईनं तुला छळलं म्हणून तू मला छळतेस?"

साठच्या दशकाच्या अखेरीस, लग्न होऊन निपाणीला आल्यावर, मालनला गावाबाहेरच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात नोकरी लागली. काम आकडेमोडीचं. तिथे तंबाखूचे वाफे होते. एका वाफ्याला एक खत, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला नुसतं पाणी. हंगाम संपला की पानांची वजनं यायची आणि मालननं ठरवायचं की या खतानं खरंच फरक पडला की नुसता योगायोग होता. त्यासाठी तिच्या टेबलावर एक हाताने फिरवायचं गणितयंत्र असायचं. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकार करताना एक फेरा जास्त झाला की आतली घंटी टिणकन वाजायची. नवे साहेब, हिरेमठ, पहिल्याच दिवशी ती ऐकून बाहेर आले होते आणि त्यांनी विचारलं होतं, "कचेरीत देवपूजा कोण करतंय?"

त्या दांड्यावर मालनचा उजवा दंड डाव्यापेक्षा भरला. मारुतीराव भांडणात माघार घ्यायचे ते त्यामुळेच, असं ते पाहुण्यांना सांगत.

अठ्ठ्याऐंशी साली केंद्रात संगणक आला.

जीपमधून खोकी उतरली तेव्हा सगळं केंद्र व्हरांड्यात जमलं होतं. संगणकाला वेगळी खोली मिळाली, खिडक्यांना पडदे मिळाले, कारण निपाणीच्या हवेत तंबाखूची बारीक धूळ असते आणि हंगामात तर गावातलं कुत्रंही शिंकतं. खोलीबाहेर पाटी लागली की चपला इथेच काढाव्यात. ज्या लोकांनी साहेबांच्या खोलीत कधी चपला काढल्या नव्हत्या ते आता दारात वाकून बंद सोडवू लागले. मालननं खोलीत पाऊल टाकलं तेव्हा यंत्र चालू होतं, पण त्याच्या पडद्यावर नुसतंच एक हिरवं टिंब लुकलुकत होतं. जणू विचारत होतं, बोला, काय काम आणलंय?

काम पुण्याहून यायचं होतं. शेतीच्या प्रयोगांची आकडेमोड करणारं एक पॅकेज तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केलं होतं. ते तीन फ्लॉप्यांवर टपालानं आलं. काळ्या, चौकोनी, पातळ. हातात धरल्या की पापडासारख्या लवायच्या. सोबत थोडक्यात सूचना होत्या. मालननं त्या वाचल्या, मग परत वाचल्या आणि साहेबांना म्हणाली, "सोपं दिसतंय, सर."

केंद्राचे प्रमुख हिरेमठ साहेब धारवाडकडचे. मराठी समजायचं, बोलताना कानडी आणि इंग्रजीचा आधार घ्यायचे. माणूस सज्जन, पण वरून कागद आला की तो चारचारदा वाचून काढायचे. त्यांनी मालनला समोर बसवलं आणि आधी विचारलं, "ऊट आयतु?" जेवण झालं का, हे ते वाईट बातमी देण्याआधी हमखास विचारत.

"झालं, सर."

"मग ऐका. पुढच्या महिन्यात धारवाडला बैठक. तोपर्यंत हे पॅकेज चालून रिझल्ट दाखवायला हवा. नाही चाललं तर यंत्र रायचूरच्या केंद्राला देणार. त्यांनी मागितलंय. आणि..." साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "यंत्रासोबत ते चालवणारी पोस्टही. म्हणजे तुम्ही."

रायचूर. मालनच्या डोक्यात पहिल्यांदा नकाशा आला नाही, भाकरी आली. रायचूरहून निघालेली भाकरी बेळगावला पोचेपर्यंत तिचा पापड होईल. आणि कुठला नागोजी तिथे बॉनेट तापवून बसलाय? वैजू इथे, मारुतीराव निपाणीत, आपण त्या टोकाला. नोकरी सोडावी तर वैजूचं शिक्षण एका मास्तराच्या पगारात कसं निभणार?

घरी आल्यावर मारुतीराव म्हणाले, "रायचूर चांगलं आहे. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला दुआब. जमीन काळी."

"मला भूगोल नको."

"मग पॅकेज चालव."

दुसऱ्या दिवशी मालननं पहिली फ्लॉपी घातली, खटका लावला, सूचनेत लिहिलेला शब्द टाइप केला. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर एक ओळ उमटली. या यंत्रातलं डॉस जुनं आहे, पॅकेजला नवं लागेल.

डॉस म्हणजे यंत्राचा मूळ कारभारी. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या परवानगीनं चालतात. जुना कारभारी आणि नवं पॅकेज यांचं पटत नव्हतं. मालननं कचेरीतून होस्टेलला फोन लावला. ऑपरेटरनं जोडून दिला, वॉर्डनबाईंनी हाक मारली, आणि वैजू धापा टाकत आली.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू बरी आहेस ना? आवाज बसलाय तुझा."

"तीन मजले पळत आलेय म्हणून! काय ते सांग."

मालननं सांगितलं. वैजूच्या आवाजात एक निराळीच चमक आली. "अगं, आमच्या कॉम्प्युटर सेंटरवर नवं डॉस आहे. मी सरांना विचारते. पण आई, एक सांगू? डबा आता बंद कर ना. मुली चिडवतात. म्हणतात, आलं बघ इंजिनिअरीणबाईंचं दूध."

"बरं," मालन म्हणाली. तो 'बरं' तिलाच पोकळ वाटला.

कारभारी आणायचं काम हिरेमठ साहेबांनी केलं. ते बेळगावला गेले होते, येताना वैजूकडून मिळालेली फ्लॉपी बॅगेत कागदांच्या मधे ठेवून घेऊन आले. नवं डॉस चढवताना मालन सूचनांचा कागद मांडीवर घेऊन बसली होती, कारण एक आज्ञा चुकली तर सगळं पुसून जातं, असं सूचनेत होतं. प्रत्येक अक्षर ती आधी मनात म्हणत होती, मग दाबत होती. काही पुसलं गेलं नाही. नव्या कारभाऱ्यानं पॅकेज आत घेतलं.

मग पॅकेज म्हणालं, मला एकाच वेळी जास्त फाइली उघडायची मुभा द्या. दिली. एका छोट्या फाइलीत एक ओळ वाढवायची होती. ती कुठे वाढवायची हे शोधण्यात दुपार गेली.

मग पॅकेज म्हणालं, माझी रनटाइम लायब्ररी, म्हणजे चालताना मला लागणारी मदतनीस फाइल, सापडत नाही.

"हे पॅकेज आहे का व्याही?" मारुतीरावांनी विचारलं. मालन रोज संध्याकाळी त्यांना सगळं सांगत असे. "आधी म्हणे मोठ्यांना बोलवा. मोठे आले तर म्हणे त्यांना बसायला जागा द्या. जागा दिली तर म्हणे आमच्या मावशींना कुणी आणलं नाही."

मालनला हसू आलं. खरंच तसंच होतं. आणि व्याह्यांना सांभाळायची विद्या तिला येत होती. प्रत्येकाचा रुसवा ऐकून घ्यायचा, कोण कुणावाचून अडलंय ते बघायचं, आणि न चिडता एकेकाला आणून बसवायचं. पुण्याला फोन केल्यावर कळलं की ही लायब्ररी पॅकेजसोबत द्यायची राहून गेली. ज्या कॉलेजात अमुक भाषेचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम बनवायचं साधन, असेल तिथे मिळेल, असं त्यांनी सांगितलं. तो वैजूच्या सेंटरवर होता.

आता फ्लॉपी आणायची कशी? साहेब इतक्यात बेळगावला जाणार नव्हते. टपालाचा भरवसा नव्हता, शिक्का मारताना तिच्यावर दणका बसला तर? मालननं रात्रभर नव्हे, पण जेवण होईस्तोवर पुष्कळ विचार केला. वाकली तर? भिजली तर? तंबाखूची धूळ बसली तर? आणि तिला तोड सुचली. डबा! स्टीलचा, चपटा, मोठ्या तोंडाचा. पुऱ्यांचा डबा असतो तसा. फ्लॉपी त्यात आडवी बसते.

"वैजू, डबा स्वच्छ धू. नीट पुस. उन्हात वाळव. आत मलमलचा रुमाल अंथर, त्यात फ्लॉपी गुंडाळ, वरून झाकण घट्ट लाव. आणि रोज रिकामा डबा देतेस तसा नागोजीकडे दे."

"बघ," वैजू म्हणाली, "बरं झालं, डबा बंद केला नाहीस."

मालननं धुळीचा विचार केला, पाण्याचा केला, चोराचा केला. काकतीच्या वळणाचाही केला. फक्त एका गोष्टीचा केला नाही, आणि ती गोष्ट रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोर घडत होती.

संध्याकाळी ती स्टँडवर गेली तेव्हा नागोजीनं मोठ्या आनंदानं डबा खाली दिला.

"आक्का, आज पोरीनं कायतरी करून पाठवलंय वाटतं! रिकाम्या डब्यागत खुळखुळत नव्हता. म्हटलं, लेकीच्या हातचं हाय, गार व्हायला नको. तुमचा डबा मुद्दाम मधोमध ठेवल्ता, जिथं लई तापतं तिथं."

डबा हातात घेतल्याबरोबर मालनला चटका बसला. तिनं तिथेच बाकावर बसून झाकण काढलं. मलमलचा रुमाल इस्त्री केल्यासारखा गरम होता. आतली फ्लॉपी एका कडेनं वर उचलली होती, निखाऱ्यावर धरलेला पापड वळतो तशी.

"काय हाय हे?" नागोजी वाकून बघत म्हणाला. "करपलं का?"

"करपलं," मालन म्हणाली.

तिनं त्याला सांगितलं काय आहे ते. रागानं नाही. राग यायला कुणावर तरी यावा लागतो, आणि या माणसावर कसा येणार? त्यानं तर जगात जी सगळ्यात चांगली गोष्ट करता येते तीच केली होती. नागोजी ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे ह्यापायी तुमची बदली व्हनार?"

"होईलच असं नाही."

"रायचूरला?"

"बघू या."

"आक्का, माझ्या थोबाडात मारा."

"चहा घ्या आधी," मालन म्हणाली. दोघं कँटीनच्या दारात उभं राहून चहा प्यायले. नागोजी कपाकडे न बघता त्या वाकड्या काळ्या चौकोनाकडेच बघत होता. मधेच त्यानं विचारलं, "हे असलं गार ठेवायचं अस्तंय का? दह्यागत?"

"दह्यागत," मालन म्हणाली, आणि इतकं सगळं होऊनही तिला हसू फुटलं.

तरी दुसऱ्या दिवशी तिनं ती फ्लॉपी यंत्रात घालून पाहिली. यंत्रानं घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला आणि ती वाचायला साफ नकार दिला. हिरेमठ साहेब दारात उभे होते, मोज्यांवर. "आयतेनु?" त्यांनी विचारलं. झालं का?

"नाही, सर."

साहेबांनी पुढची बातमी दिली तेव्हा जेवणाचंही विचारलं नाही. बैठक अलीकडे आली होती. सोमवारी सकाळी धारवाडची जीप येणार होती, एकतर रिझल्टचे कागद न्यायला, नाहीतर यंत्र न्यायला. आणि तो दिवस होता शुक्रवार.

मालननं फोन लावला. वैजूनं सगळं ऐकून घेतलं, "बॉनेटवर!" म्हणून किंचाळली, मग इतकी हसली की वॉर्डनबाईंनी दटावलेलं मालनला इकडे ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मी दुसरी कॉपी करते. आणि ती डब्यात-बिब्यात घालत नाही. मी स्वतः घेऊन येते उद्या."

"तुझी मंगळवारी परीक्षा आहे ना?"

"आहे."

"मग नको. अभ्यास कर. संध्याकाळच्या गाडीला गर्दी असते. उभं राहावं लागलं तर? पाय दुखले तर? रविवारी इथे, मग सोमवारी परत, दमणूक, आणि पेपरात..."

"आई," वैजू म्हणाली, "तू रायचूरला गेलीस तर मी शनिवारी कुठे येऊ?"

मालनला मेसबद्दल बोलून पाहावं असं वाटलं. शेवटी ती म्हणाली, "स्वेटर घाल येताना."

शनिवारी संध्याकाळी ती आणि मारुतीराव दोघंही स्टँडवर गेले. गाडी उशिरा आली. मालननं तेवढ्या वेळात गाडीचे सगळे संभाव्य अपघात मनात करून घेतले. गाडी लागली तशी माणसं उतरू लागली. नागोजी आपल्या दारातून उडी मारून खाली आला आणि मागच्या दाराकडे धावला, जसा मंत्रीच उतरणार होता. सगळ्यात शेवटी वैजू उतरली. केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी, छातीशी दोन जाड पुस्तकं घट्ट धरलेली. पुस्तकांच्या मधे फ्लॉपी.

"आई, यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं!" तिनं पहिली तक्रार केली. "पुढे जागा होती. म्हणाले, बॉनेटपासून जेवढं लांब तेवढं बरं. हाडं खिळखिळी झाली माझी. संकेश्वरला एक बाई शेजारी बसायला आल्या तर म्हणाले, तिथं बसू नका, मशीनचं काळीज हाय."

"मग?" नागोजी म्हणाला. "एकदा करपवलं, दुसऱ्यांदा करपवीन व्हय? खिडकी पन उघडी ठेवायला लावल्ती. गार वारं."

"मला सर्दी झाली," वैजू म्हणाली.

"बघा, मी म्हटलं होतं स्वेटर," मालन म्हणाली. मारुतीराव पिशवी घेऊन आधीच चालू लागले होते. बायकोला आनंद झाला की ती असंच काहीतरी म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी केंद्र ओस होतं. शेताच्या बाजूनं पाण्याच्या पाटाचा आवाज येत होता. हिरेमठ साहेब सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या लुंगीत आले होते आणि घरून इडल्या घेऊन आले होते. तिघांनी चपला काढल्या. वैजू खुर्चीवर बसली, मालन तिच्या शेजारी स्टुलावर, साहेब मागे उभे.

फ्लॉपी आत गेली. घरघर झाली. काटा अडकला नाही. फाइल यंत्रात उतरली. वैजूनं बोटं मोडली आणि पॅकेज चालू केलं.

रनटाइम लायब्ररी सापडत नाही.

"असं कसं?" वैजू म्हणाली. पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ. "आत्ता तर घातली! म्हणजे ही लायब्ररीच निराळी असणार. पुण्याच्या लोकांनी दुसऱ्या कुठल्यातरी कंपायलरवर केलं असणार. आई, आता कुठून आणायची?" साहेबांनी एक इडली उचलली आणि परत ठेवली.

मालन पडद्याकडे बघत होती. तिला वैजूइतकं यंत्रातलं कळत नव्हतं. पण ओळ नीट वाचायची सवय तिला होती. ओळ म्हणत नव्हती की लायब्ररी चुकीची आहे. ओळ म्हणत होती की सापडत नाही.

"वैजू, तू ती ठेवलीस कुठे?"

"वेगळी डिरेक्टरी केली, वेगळा कप्पा. लायब्ररी नावाची. सगळं एकात कोंबलं की पसारा होतो. सर म्हणतात, नीटनेटकं ठेवावं."

"आणि पॅकेज?"

"त्याच्या डिरेक्टरीत."

मालन थोडी पुढे सरकली. "तुझ्या मावशीच्या लग्नात तू करवली होतीस. आठवतंय? तुला मांडवात पाहुण्यांच्या पोरींत नेऊन बसवलं आणि इकडे नवरी उठेना. करवली कुठाय, करवली कुठाय म्हणून सगळे शोधत होते. तू तर मांडवातच होतीस, जिलबी खात."

"होय, पण..."

"नवरीनं आपल्या शेजारी बघितलं. शेजारी नाही म्हणजे तिच्या लेखी कुठेच नाही. या पॅकेजला काय ठाऊक की तू त्याची करवली दुसऱ्या खोलीत नीटनेटकी बसवलीयस? आणून त्याच्या शेजारी बसव."

वैजूनं आईकडे पाहिलं. मग फाइल उचलून पॅकेजच्या डिरेक्टरीत टाकली. पुन्हा चालू केलं. पडदा क्षणभर काळा झाला, आणि त्यावर एकामागून एक ओळी उगवल्या. प्रयोगाचं नाव? खतं किती? वाफे किती?

"पाथ द्यायचा राहिला होता, लायब्ररीकडची वाट," वैजू पुटपुटली. "मला सुचायला हवं होतं."

"आयतु!" साहेब लुंगी सावरत म्हणाले. "आयतु, आयतु!" त्यांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की बाहेर पाट धरणारा गडी खिडकीशी येऊन उभा राहिला.

मालननं मागच्या वर्षीचे आकडे घातले, जे तिनं दांडा फिरवून काढले होते आणि ज्यांना तेव्हा दिवाळीपासून संक्रांत लागली होती. साहेबांनी इडलीचा पहिला घास घेतला आणि तो गिळायच्या आत उत्तर पडद्यावर होतं. उत्तर तेच होतं. मालनला आनंद झाला, आणि जरासा विरसही. कोपऱ्यातलं जुनं गणितयंत्र तिला उगाच आपल्याकडे बघतंय असं वाटलं. जाता जाता तिनं त्याचा दांडा एकदा मागे फिरवला. घंटी टिणकन वाजली.

"देवपूजा झाली," साहेब म्हणाले.

सगळं नव्या हंगामाचं काम छापून होईपर्यंत दुपार झाली. मग व्हरांड्यात बसून इडल्या आणि मालननं आणलेले धपाटे संपवले. साहेबांनी तिसरा धपाटा घेतला तेव्हा वैजू म्हणाली, "आमच्या सेंटरवरच्या सरांनाही हेच आवडतात."

मालनचा घास थांबला. "त्यांना कुठे मिळाले?"

"अगं, तुझ्याच डब्यात. लायब्ररी काय उगाच दिली त्यांनी? सगळं सेंटर डब्याची वाट बघतं. कुणीतरी स्टँडवरून घेऊन येतं आणि मी पोचायच्या आत झाकण उघडलेलं असतं."

"आणि तू? तू काय खातेस?"

"मेसमध्ये जेवते, आई."

"म्हणजे इतके दिवस मी पाठवतेय ते तू... आणि मग डबा बंद कर का म्हणालीस?"

"चिडवतात म्हणून. खातात, वर चिडवतात. पण आता बंद नको करू. सर विचारतील." तिनं धपाट्याचा तुकडा मोडला. "मला पण भाकरीचा एक तुकडा ठेवतात ते. मोडलेला. कोमट असतो."

मालननं पदरानं हात पुसले. पाहिजे त्यापेक्षा बराच वेळ पुसले.

सोमवारी सकाळी जीप यायच्या आधीच पहिली गाडी लागली होती. जीप येणार, चहा पिऊन कागद घेऊन जाणार आणि यंत्र जाग्यावर राहणार, हे आता ठरलेलंच होतं. मालनच्या हातात नेहमीपेक्षा मोठा डबा होता, कारण आता तो एका मुलीचा राहिला नव्हता. वैजू पिशवीत दोन फ्लॉप्या परत घेऊन चालली होती. सेंटरच्या त्या परत द्यायच्या होत्या.

मालननं ड्रायव्हरच्या दारातून डबा वर केला. नागोजीनं हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला. बॉनेटकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"आक्का," तो गंभीरपणे म्हणाला, "गरम का गार?"

"गरम."

"नक्की? आत मशीनचं काय न्हाय?"

"धपाटे आहेत. आणि मागच्या बाकावरचं गार आहे, तिच्या पिशवीत. काकतीच्या वळणावर..."

"ठाव हाय," नागोजी म्हणाला आणि डबा पोत्याच्या मधोमध, जिथं सगळ्यात जास्त तापतं तिथं, ठेवला.

तेव्हापासून निपाणी स्टँडवर नागोजी कुणाच्याही हातून पिशवी घेताना हाच प्रश्न विचारू लागला. नवी माणसं गोंधळायची. जुनी सांगायची, विचारतोय ते नीट सांगा, एकदा यामुळं एका बाईची बदली रायचूरला होता होता राहिलीय. आणि ती बाई तिथेच, गाडी फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत, झाकण घट्ट बसलं होतं की नाही ते आठवत उभी असायची.